जुन्या डेस्कटॉपसाठी हलका ब्राउझर: आधी वजन कशाचं आहे ते बघा

प्रश्न थोडक्यात असा: २०१३ च्या सुमाराला असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे. इंटेल कोअर आय३-३२२०, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. वडील त्यावर बातम्या वाचतात, यूट्यूबवर कीर्तनं ऐकतात, बँकेचं काम करतात, अधूनमधून सातबारा काढतात. क्रोममध्ये चार-पाच टॅब उघडले की माऊसचा बाणसुद्धा अडकतो. कोणी ऑपेरा सुचवतं, कोणी ब्रेव्ह, कोणी पेल मून. यातला सर्वांत हलका कोणता?

उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. या मशीनवर फायरफॉक्स टाका आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचं छोटं साधन) बसवा. वडिलांचा हात क्रोमवरच बसलेला असेल आणि वेगळं काही नको असेल, तर ब्रेव्ह. एज मशीनवर आहेच, तो सरकारी कामापुरता राहू द्या. बाकी नावं सोडून द्या. आणि खिशाला झेपत असेल तर एक एसएसडी (हार्ड डिस्कचंच काम करणारी, पण खूप वेगवान डिस्क) आणि रॅमची आणखी एक पट्टी घ्या. ब्राउझर बदलून जेवढा फरक पडेल त्यापेक्षा मोठा फरक तिथे आहे.

आता कारणं. ‘हलका ब्राउझर’ म्हणून जी नावं फिरतात त्यातली बहुतेक आतून एकच आहेत. ऑपेराचं स्वतःचं प्रेस्टो नावाचं इंजिन, म्हणजे वेबपान वाचून पडद्यावर मांडणारा भाग, होतं, तेव्हा तो खरोखर वेगळा आणि चपळ होता. २०१३ मध्ये त्यांनी ते सोडलं आणि क्रोमियम, म्हणजे गूगलचा क्रोम ज्यावर उभा आहे तो खुला पाया, घेतलं. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये एज क्रोमियमवर आणला. ब्रेव्ह आणि विव्हाल्डी पहिल्यापासून क्रोमियमवरच आहेत. लिनक्सवर (विंडोजऐवजी वापरता येणारी फुकट सिस्टीम) ‘हलका’ म्हणून मिरवणारा फाल्कन घ्या: त्याची खिडकी आणि मेनू सुटसुटीत आहेत, पण पान दाखवण्याचं काम क्यूटी वेबइंजिन करतं आणि तेही क्रोमियमच. आज रोजच्या वापरात चालतील अशी इंजिनं तीनच उरली आहेत: क्रोमियमचं ब्लिंक, फायरफॉक्सचं गेको आणि अ‍ॅपलच्या सफारीमागचं वेबकिट. विंडोजवर वेबकिटचा चांगला ब्राउझर नाही. म्हणजे तुमच्यापुढे प्रत्यक्षात दोनच पर्याय आहेत, क्रोमियम घराणं किंवा फायरफॉक्स. ब्राउझरची सेटअप फाइल किती एमबीची आहे यावरून काहीही ठरवू नका. क्रोमची डाउनलोड होणारी फाइल छोटी असते, कारण ती नुसती खरा ब्राउझर ओढून आणते.

मग मेमरी जाते कुठे? २००८ मध्ये क्रोम आला तो प्रत्येक टॅबला वेगळी प्रोसेस, म्हणजे स्वतःची मेमरी घेऊन स्वतंत्र चालणारा भाग, देत आला. एक टॅब लटकला तर बाकीचे चालू राहावेत हा हेतू होता आणि तो साधलाही. पुढे जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या त्रुटी जाहीर झाल्या. एकाच प्रोसेसमध्ये दोन वेगवेगळ्या साइट असतील तर एका साइटचा कोड दुसरीची माहिती चोरून वाचू शकेल, अशी शक्यता समोर आली. त्यावर उपाय म्हणून क्रोमने त्याच वर्षी प्रत्येक साइटला स्वतंत्र प्रोसेस द्यायला सुरुवात केली. यामुळे मेमरीचा एकूण वापर १० ते १३ टक्क्यांनी वाढतो, असं गूगलनेच तेव्हा सांगितलं होतं. फायरफॉक्सही २०२१ च्या अखेरीपासून हेच करतो.

यातली ‘प्रत्येक साइट’ म्हणजे प्रत्येक टॅब नव्हे, हे नीट लक्षात घ्या, कारण सगळी मेख इथेच आहे. एखाद्या मराठी बातम्यांच्या साइटवरचं एक पान उघडा. तुम्हाला दिसतं एक पान. पण त्यात वर एक जाहिरातीची पट्टी, उजवीकडे दुसरी, मजकुराच्या मधोमध तिसरी, कोपऱ्यात आपोआप सुरू होणारा व्हिडिओ, तळाला ‘हेही वाचा’ म्हणून भलत्याच कंपनीच्या चौकटी, शिवाय समाजमाध्यमांची बटणं. यातल्या बऱ्याच गोष्टी वेगवेगळ्या साइटवरून आलेल्या असतात आणि पानात चौकट करून बसवलेल्या असतात. अशा परक्या चौकटींना ब्राउझर वेगळ्या प्रोसेस देतो. चार टॅब उघडले म्हणून चारच प्रोसेस चालतात असं नाही, वीस-पंचवीसही असू शकतात. विंडोज १० सुरू होऊन नुसता बसला तरी ४ जीबीतली दीड ते दोन जीबी खातो. उरलेल्या जागेत हे सगळं मावायचं आहे. नाही मावलं की विंडोज रॅममधला मजकूर हार्ड डिस्कवर ढकलू लागतो आणि माऊसचा बाण अडकतो तो तिथे.

तुमच्या मशीनवर हे असंच घडतंय का, ते बघायला दोन मिनिटं पुरतात. मशीन अडकू लागलं की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. मेमरीचा आकडा ९० टक्क्यांच्या आसपास आणि डिस्क १०० टक्के दिसली, तर निदान पक्कं. डिस्क शांत आणि सीपीयू १०० टक्के दिसला, तर दुखणं वेगळं आहे, बहुधा व्हिडिओचं. त्याकडे पुढे येतो. कोणत्या साइटने किती खाल्लं हे पाहायचं असेल तर क्रोम किंवा ब्रेव्हमध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबा. फायरफॉक्सच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये अबाउट, कोलन, प्रोसेसेस असं इंग्रजी अक्षरांत सलग लिहून एंटर मारा. यादी पाहिल्यावर राग ब्राउझरवरून साइटवर जातो, आणि तो तिथेच असायला हवा.

म्हणून मी जाहिराती अडवणाऱ्या साधनाला ब्राउझरच्या नावापेक्षा जास्त महत्त्व देतो. जाहिरात लपवली जात नाही, ती मागवलीच जात नाही. त्यामुळे तिची चौकट बनत नाही, प्रोसेस सुरू होत नाही, तिचा कोड चालत नाही. जुन्या मशीनवर एवढा फरक पाडणारं दुसरं फुकटचं साधन मला माहीत नाही. आणि फायरफॉक्सची निवडही याचमुळे. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलले आणि २०२५ मध्ये मूळ यूब्लॉक ओरिजिन तिथे चालणं बंद झालं. आता क्रोममध्ये त्याची ‘लाइट’ आवृत्ती मिळते. ती वाईट नाही, पण हात बांधलेली आहे. फायरफॉक्समध्ये मूळ आवृत्ती पूर्ण ताकदीने चालते. ब्रेव्हमध्ये जाहिराती अडवण्याची सोय एक्स्टेन्शन म्हणून नाही, ब्राउझरमध्येच बांधलेली आहे, म्हणून तिला या नियमबदलाचा फटका बसला नाही. क्रोमियम घराण्यातून ब्रेव्ह सुचवला तो एवढ्याचसाठी. त्यातलं क्रिप्टो वॉलेट, रिवॉर्ड्स, बातम्या आणि एआयचं बटण पहिल्याच दिवशी बंद करून टाका, वडिलांना त्याचा काडीचा उपयोग नाही.

जाहिरातींवर साइट जगतात, हा आक्षेप रास्त आहे. ज्या वर्तमानपत्राच्या साइटला तुम्हाला हातभार लावायचा आहे, तिथे यूब्लॉकचं मोठं बटण दाबून त्या साइटपुरतं ते बंद ठेवा. किंवा सरळ वर्गणी भरा.

फायरफॉक्स टाकल्यावर काय करायचं? फार काही नाही. विंडोजवर २०२१ पासून तो मेमरी संपत आली की बराच वेळ न पाहिलेले टॅब आपणहून रिकामे करतो. टॅब जागेवर दिसतो, त्यावर क्लिक केलं की पान पुन्हा येतं. २०२५ च्या मध्यापासून टॅबवर राइट क्लिक करून ‘अनलोड टॅब’ने हे हातानेही करता येतं. नवीन टॅबवर येणाऱ्या बातम्या आणि प्रायोजित चौकोन बंद करा. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली नोटिफिकेशनची परवानगी मागणंच बंद करा. वयस्कर माणसांच्या मशीनवर ही एक गोष्ट सोन्यासारखी आहे. ‘अलाऊ’ दाबून दाबून त्यांनी साठवलेल्या नोटिफिकेशन बातम्यांच्या, लॉटरीच्या आणि ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ अशा निघतात आणि उजव्या कोपऱ्यात दिवसभर टपकत राहतात.

जास्त खोलात जाऊन प्रोसेसची संख्या कमी करायला सांगणारे व्हिडिओ बरेच आहेत. प्रत्येक साइटची वेगळी प्रोसेस बंद करा, मेमरी वाचते, असं ते सांगतात. वाचते, खरं आहे. पण ती भिंत ज्यासाठी उभी केली ते कारण गेलेलं नाही, आणि याच मशीनवर तुमचे वडील बँकेत लॉगिन करतात. हात लावू नका.

क्रोमच ठेवायचा असेल तर सेटिंग्जमधल्या परफॉर्मन्समध्ये मेमरी सेव्हर चालू करून ‘मॅक्झिमम’वर ठेवा. सिस्टीमच्या भागात ‘क्रोम बंद केल्यावरही पार्श्वभूमीला अ‍ॅप चालू ठेवा’ अशा अर्थाचं एक बटण आहे, ते बंद करा. एजमध्ये ‘स्लीपिंग टॅब्स’ची वेळ पाच मिनिटांवर आणा आणि ‘स्टार्टअप बूस्ट’ बंद करा. हा बूस्ट म्हणजे मशीन सुरू होताना एज आधीच अर्धवट उघडून ठेवणं. १६ जीबीच्या मशीनवर कोणाला कळणारही नाही, ४ जीबीवर मात्र वापरायचा ब्राउझर एक आणि जागा अडवून बसलेला दुसराच, असं होतं. तसंच एक्स्टेन्शनची यादी उघडून पाहा. पीडीएफ कन्व्हर्टर, कूपन शोधणारं, व्हिडिओ डाउनलोडर, अँटिव्हायरसने न विचारता घातलेलं ‘वेब प्रोटेक्शन’, असं बरंच सापडेल. सगळं काढा. आणि ‘रॅम क्लीनर’ नावाची जी सॉफ्टवेअर असतात ती चुकूनही टाकू नका. रॅममधला मजकूर ती जबरदस्तीने डिस्ककडे ढकलतात, म्हणजे तुमच्या मशीनचा नेमका आजारच वाढवतात.

आता व्हिडिओ. आय३-३२२० मध्ये जो ग्राफिक्सचा भाग आहे तो एच.२६४ प्रकारचा व्हिडिओ स्वतः उलगडू शकतो. यूट्यूब मात्र बहुतेक वेळा व्हीपी९ किंवा एव्ही१ प्रकारचा व्हिडिओ पाठवतं, कारण त्यात त्यांचा डेटा वाचतो. इंटेलमध्ये व्हीपी९ ची पूर्ण सोय सातव्या पिढीपासून आणि एव्ही१ ची अकराव्या पिढीपासून आली. तुमचा प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा. म्हणजे हे व्हिडिओ उलगडायचं सगळं काम दोन कोरच्या सीपीयूवर पडतं. कीर्तन मध्येच अडखळतं आणि घरातली माणसं इंटरनेटवाल्याला फोन लावतात. खात्री करायची तर चालू व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ निवडा आणि कोडेकची, म्हणजे व्हिडिओच्या प्रकाराची, ओळ वाचा. उपाय सोपा आहे. ‘h264ify’ किंवा त्याचीच सुधारित आवृत्ती ‘enhanced-h264ify’ हे एक्स्टेन्शन बसवा. ते यूट्यूबला सांगतं की या ब्राउझरला बाकीचे प्रकार येत नाहीत, आणि यूट्यूब निमूटपणे एच.२६४ पाठवतं. त्यात १०८०पी च्या वरचा दर्जा मिळत नाही, पण या मॉनिटरवर त्याची गरजही नाही. नुसतं ऐकायचं असेल तर ३६०पी वर ठेवा. ‘हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करा, मशीन पळेल’ हा सल्ला सर्रास दिला जातो, म्हणजे व्हिडिओचं काम ग्राफिक्सच्या भागाला देऊच नका. पडदा लुकलुकत असेल किंवा व्हिडिओच्या जागी काळा चौकोन दिसत असेल तरच तो ऐका, कारण बंद केल्यावर सगळा भार पुन्हा सीपीयूवरच येतो.

पेल मूनबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. तो प्रामाणिक प्रकल्प आहे, २००९ पासून चालू आहे, आणि मेमरी खरोखर कमी घेतो. फायरफॉक्सच्या जुन्या इंजिनातून फुटून निघालेलं गोआना हे त्याचं इंजिन. सगळं एकाच प्रोसेसमध्ये चालतं, म्हणून हलकं. पण त्याचमुळे एक पान लटकलं की सगळी खिडकी लटकते. आजच्या क्रोम-फायरफॉक्सची एक्स्टेन्शन त्यात चालत नाहीत, कॉपीराइटचं कुलूप असलेले ओटीटीचे व्हिडिओ चालत नाहीत, आणि ‘तुम्ही माणूस आहात का’ तपासणाऱ्या पानांवर तो कधीकधी अडकून राहतो. हे सगळं सांभाळून घेणाऱ्या हौशी माणसासाठी तो चांगला आहे. वडिलांसाठी नाही. के-मेलिऑन त्याहून मागे पडला आहे. डिलो तर जावास्क्रिप्टच चालवत नाही, त्यामुळे विजेसारखा उघडतो, पण बँकेचं लॉगिन पान त्यात येणार नाही. शिवाय अशा अगदी छोट्या ब्राउझरमध्ये देवनागरी जोडाक्षरं नीट जुळतीलच असं नाही. मराठी वाचणाऱ्या माणसासाठी मी तिथेच विषय संपवतो.

सातबारा, दाखले, कर भरणं अशी कामं फायरफॉक्समध्ये सहसा होतात. पण डिजिटल सहीची डोंगल लावून करायचं काम असेल, किंवा एखादं पान सांगत असेल की क्रोम किंवा एजच वापरा, तर वाद घालत बसू नका, एज उघडा. फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालणारी जुनी पानं अजून कुठेकुठे आहेत. एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये बंद झाला, पण एजमध्ये ‘आयई मोड’ आहे आणि तो किमान २०२९ पर्यंत ठेवू असं मायक्रोसॉफ्टने म्हटलं आहे. अशा वेळी काम झालं की एज पूर्ण बंद करा, दोन ब्राउझर एकत्र उघडे ठेवण्याइतकी रॅम तुमच्याकडे नाही.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने एक वर्षाची, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा सुरक्षा अपडेट देऊ केली आहेत, सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमधून त्यासाठी नोंदणी करायची असते. तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. ब्राउझर विंडोज १० वर आणखी काही काळ अपडेट होत राहतील, पण विंडोज ७ चं काय झालं ते लक्षात ठेवा. क्रोमची १०९ ही त्यावरची शेवटची आवृत्ती, जानेवारी २०२३ मधली. फायरफॉक्सची ११५ वी दीर्घ मुदतीची आवृत्ती त्यानंतरही मोझिलाने मुदत वाढवत चालवली. अजूनही विंडोज ७ धरून बसलेल्यांसाठी सुपरमियम नावाचा क्रोमियमचा अवतार आहे. तो चालतो, पण अगदी छोट्या प्रकल्पाच्या भरवशावर बँकेचा पासवर्ड टाकावा असं मी म्हणणार नाही. विंडोज १० ची वेळ येईल तेव्हा लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. मशीन ६४-बिट आहे, त्यामुळे अडचण नाही. फायरफॉक्स त्यात आधीच असतो, यूब्लॉकही तोच, आणि मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्टचा कीबोर्ड मिळतो. फक्त प्रिंटर आणि डिजिटल सही आधी तपासून घ्या, लिनक्सवर लोक अडतात ते याच दोन ठिकाणी.

आता एसएसडी आणि रॅम. मदरबोर्ड बहुधा एच६१ चिपसेटचा असेल, त्यावर रॅमचे दोन खाचे असतात आणि तुमच्याकडे एक पट्टी असेल तर एक रिकामा. डीडीआर३ डेस्कटॉपची पट्टी मागा. डीडीआर४ बसत नाही, लॅपटॉपची आखूड पट्टीही बसत नाही. जुन्या बाजारात ती स्वस्तात मिळते. लावण्याआधी विकणाऱ्याकडेच चालवून पाहा. एसएसडी २४० जीबीची पुरे, साध्या साटा जोडणीची. जुनी हार्ड डिस्क फोटो आणि कागदपत्रांसाठी तशीच राहू द्या. दोन्हीपैकी एकच परवडत असेल तर आधी एसएसडी. रॅम भरेल तेव्हा मजकूर डिस्कवर जायचाच, पण मग बाण अडकणार नाही, नुसता किंचित थांबेल.

ब्राउझर बदलताना एक गोष्ट विसरली जाते. फायरफॉक्स पहिल्यांदा उघडला की क्रोममधले बुकमार्क आणायचं का विचारतो, तिथे हो म्हणा. पासवर्ड तसे येत नसतील तर क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमधून सीएसव्ही फाइल काढा आणि फायरफॉक्सच्या पासवर्डच्या पानावर तीच आत घ्या. या फाइलमध्ये सगळे पासवर्ड उघड अक्षरांत असतात. काम झाल्याबरोबर ती शिफ्ट दाबून डिलीट करा, म्हणजे रिसायकल बिनमध्येही उरणार नाही. आणि त्याआधी ती स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप किंवा ईमेल करून ठेवू नका.